मूठमाती : सातवे दयाकृत्य

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामातील दफनभूमीला जाग येते. पावसाळ्यात माजलेले गवत कापले जाते, क्रूसांना रंग दिला जातो, कबरींवर झेंडूची आणि शेवंतीची फुले वाहिली जातात. दोन तारखेच्या संध्याकाळी मिस्सा आटोपली म्हणजे धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत कबरींमधून फिरतात आणि मेणबत्त्यांच्या उजेडात सारी दफनभूमी न्हाऊन निघते. आमच्या लहानपणी आजी आम्हां नातवंडांना घेऊन घराण्यातील एकेका कबरीपाशी थांबे, त्या माणसाचे नाव सांगे आणि मेणबत्ती लावी. शेवटची मेणबत्ती मात्र ती कोणत्याच कबरीवर लावीत नसे. दफनभूमीच्या मागच्या भिंतीवर ती चिकटवून घटकाभर डोळे मिटून उभी राही. ही कोणासाठी, असे विचारले तर "देवाला ठाऊक आहे," एवढेच म्हणे. पुष्कळ वर्षांनी आम्हांला उलगडा झाला. तिचे पहिले मूल जन्मताच, बाप्तिस्मा होण्यापूर्वी गेले होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला त्या भिंतीपलीकडे मूठमाती देण्यात आली होती.

रिकाम्या कबरीच्या साक्षीवर उभ्या राहिलेल्या ख्रिस्तसभेच्या दफनभूमीला ही भिंत कोठून आली? आणि पुढे तिच्यातून वाट कशी काढण्यात आली? मृतांसाठी करावयाच्या आपल्या प्रार्थनांचा व प्रथांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात चाळू लागलो म्हणजे ध्यानी येते की, ख्रिस्तसभेला शतकानुशतके पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे : मेलेल्यांपैकी आपले कोण?

तोबितचे भरले ताट

जुन्या करारातील तोबितच्या पुस्तकात एक हृद्य प्रसंग आहे. निनवे शहरी बंदिवासात राहणारा तोबित पन्नासाव्या दिवसाच्या सणाला जेवायला बसतो. ताट वाढलेले असते. कोणी गरीब बांधव भेटला तर त्याला जेवायला घेऊन ये, असे सांगून तो मुलाला बाहेर पाठवतो. मुलगा परत येतो तो बातमी घेऊन : आपल्यापैकी एकाला मारून चव्हाट्यावर टाकले आहे. तोबित घासही न घेता उठतो, तो देह उचलून आणतो आणि सूर्य मावळल्यावर खड्डा खणून पुरतो. याच कृत्यापायी पूर्वी त्याची मालमत्ता जप्त झाली होती आणि त्याला जीव वाचवण्यासाठी पळावे लागले होते. शेजारी त्याला हसतात. तो मात्र आपला परिपाठ सोडत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने भुकेल्यांना अन्न, तान्हेल्यांना पाणी, परक्यांना आसरा, उघड्यांना वस्त्र, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि बंदिवानांची भेट अशी सहाच कृत्ये सांगितली आहेत. मृतांना मूठमाती देणे हे सातवे कृत्य मध्ययुगात तोबितच्या पुस्तकाच्या आधारे त्यांना जोडण्यात आले. या सातव्या कृत्याचे एक वैशिष्ट्य आहे. पहिल्या सहांपैकी कोणतेही कृत्य केले तर घेणारा निदान कृतज्ञतेने आपल्याकडे पाहू शकतो. मृत मनुष्य ते करू शकत नाही. त्याच्याकडून कसलीच परतफेड नसते.

स्वतः प्रभूलाही हे दान स्वीकारावे लागले. क्रूसावर देहदंड झालेल्या त्या देहावर कोणीतरी हक्क सांगायला हवा होता. अरिमथाईकर योसेफाने धीर करून पिलाताकडे तो मागितला. निकदेमने गंधरस आणि अगरू यांचे सुमारे शंभर शेर मिश्रण आणले. ज्या कबरीतून आपल्या श्रद्धेचा उदय झाला, ती कबर दुसऱ्याने दिलेली होती.

निजण्याची जागा

इंग्रजीतील सिमेटरी या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'निजण्याची जागा' असा होतो. रोम शहराबाहेरील भुयारी दफनभूमींत, म्हणजे कॅटाकोंब्समध्ये, आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांना मऊ खडकात कोरलेल्या खणांतून निजवले. पुष्कळ खणांवर नावापुढे 'शांतीत' एवढाच शब्द आढळतो. ते खण खोदणाऱ्यांना फोसोरेस म्हणत. हातात कुदळ आणि दिवा घेतलेली त्यांची चित्रे त्या भुयारांच्या भिंतींवर आजही पाहावयास मिळतात.

या कामाचा खर्च कोण सोशी? इ. स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन आपल्या समर्थनपर ग्रंथात सांगतो की, ख्रिस्ती मंडळी दरमहा स्वेच्छेने जो निधी जमवतात तो मेजवान्यांवर उधळला जात नाही. त्यातून गोरगरिबांचे पोषण होते आणि त्यांचे दफन होते. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी पोप झेफिरिनुस यांनी कालिक्स्तुस नावाच्या उपयाजकाकडे रोममधील दफनभूमीची देखरेख सोपवली. पूर्वायुष्यात गुलाम असलेला हा गृहस्थ पुढे स्वतः पोप झाला आणि ती दफनभूमी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. हिप्पोलितुसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपासनाविषयक ग्रंथात एक नियम आहे : दफनभूमीत कोणाकडूनही जबर पैसे घेऊ नयेत, कारण ती सर्व गरिबांची आहे. खणणाऱ्याची मजुरी आणि खण बंद करण्याच्या फरशीची किंमत तेवढी घ्यावी. राखणदाराचा निर्वाह बिशपांनी चालवावा.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रिया शहरात महामारीने थैमान घातले. तेथील बिशप दियोनिसियुस यांच्या पत्रावरून समजते की, लोक आपल्या आप्तांना अर्धमेल्या अवस्थेत रस्त्यावर टाकून पळत असता ख्रिस्ती बंधुभगिनी रोग्यांची सेवा करीत, मृतांचे डोळे मिटीत, देह धूत आणि खांद्यावरून नेऊन पुरीत. थोड्याच दिवसांत त्यांच्यावरही तीच पाळी येई. पुढे सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती धर्म त्यागून जुन्या दैवतांची पुनःस्थापना करण्याचा प्रयत्न केला. इ. स. ३६१ ते ३६३ या आपल्या अल्प कारकिर्दीत त्याने आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोकांच्या वाढीची कारणे सांगताना परक्यांविषयीची कणव आणि मृतांच्या दफनाची काळजी यांचा तो मुद्दाम निर्देश करतो. विरोधकाच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

वेदीवरील आठवण

मृताला मातीआड केले म्हणजे नाते संपते काय? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात रणांगणी पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. यहूदा मक्काबी त्यांना टाकून देत नाही. तो दोन हजार द्राख्मे गोळा करून त्यांच्या पापक्षालनार्थ अर्पण वाहण्यासाठी यरुशलेमला पाठवतो. ज्यांचे पाप उघडकीस आले होते, त्यांच्यासाठीच ही प्रार्थना होती, हे आपण विसरू नये.

मृत्यूच्या वार्षिक दिवशी मृतांसाठी अर्पण करण्याच्या प्रथेचा उल्लेख तर्तुलियननेही केला आहे. सम्राट थिओडोसियुस इ. स. ३९५ मध्ये निवर्तला तेव्हा संत अँब्रोज यांनी चाळिसाव्या दिवशी प्रवचन केले. काही लोक तिसरा व तिसावा दिवस पाळतात, तर काही सातवा व चाळिसावा, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. आपल्या घरांतून आज सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा सांगितली जाते. तिच्या मागे सोळाशे वर्षांहून जुनी परंपरा उभी आहे.

इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरी संत मोनिका मरणोन्मुख झाल्या. आपल्या पतीशेजारी आफ्रिकेत आपले दफन व्हावे, ही त्यांची जुनी इच्छा होती. अखेरच्या आजारात त्यांनी ती सोडून दिली. देह कोठेही ठेवा, त्याची चिंता वाहू नका, केवळ प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, अशा आशयाचे मागणे त्यांनी आपल्या मुलांपाशी मागितले. त्यांचा प्राण जाताच नातू आदेओदातुस मोठ्याने रडू लागला, तेव्हा सर्वांनी त्याला उगी केले आणि एव्होदियुसने स्तोत्रसंहिता हाती घेऊन गायनास आरंभ केला. संत ऑगस्टीन यांनी हे सारे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी मृतांच्या उत्तरक्रियेवर एक छोटा ग्रंथ रचला. त्यात ते म्हणतात की, अंत्ययात्रेचा थाट हे जिवंतांचे सांत्वन आहे. मृतांना आधार होतो तो प्रार्थनेचा, ख्रिस्तयागाचा आणि दानधर्माचा. १९४५ साली ओस्तियात एका चर्चजवळ खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणणाऱ्या दोन मुलांना मोनिकांच्या कबरीवरील शिलालेखाचा तुकडा सापडला. कबरीची खूण हरवली होती. वेदीवरील आठवण मात्र कधीच हरवली नव्हती.

त्या काळच्या अंत्यविधीत शोक होता, तथापि भय नव्हते. रोममध्ये रुग्णालय उभारणारी फाबिओला चौथ्या शतकाच्या अखेरीस वारली तेव्हा तिच्या अंत्ययात्रेत आलेलुयाचा घोष मंदिरांच्या छतांवर दुमदुमला, असे संत जेरोम यांनी लिहिले आहे.

भिंत उभी राहते

पुढे काळ पालटला. इ. स. ५६१ मध्ये आजच्या पोर्तुगालमधील ब्रागा येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आत्महत्या केलेल्यांचे स्मरण ख्रिस्तयागात करू नये आणि त्यांचा देह स्तोत्रे गात नेऊ नये, असा निर्णय दिला. बाप्तिस्मा न होता मरण पावलेल्या उमेदवारांनाही तोच नियम लावला. जीवनाच्या पावित्र्याविषयीचा आणि बाप्तिस्म्याच्या आवश्यकतेविषयीचा आग्रह यामागे होता, हे खरे. परंतु त्याचा भार मागे राहिलेल्या आईबापांच्या माथी आला.

याच शतकाच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट पोप थोर ग्रेगरी यांनी आपल्या संवादग्रंथात सांगितली आहे. त्यांच्या मठातील युस्तुस नावाच्या साधूजवळ मरतेसमयी तीन सुवर्णमुद्रा सापडल्या. अपरिग्रहाचे व्रत मोडल्याबद्दल त्याला उकिरड्यात पुरण्यात आले आणि त्या मुद्रा त्याच्यावर फेकण्यात आल्या. ही आज्ञा स्वतः ग्रेगरींचीच होती. तीस दिवस लोटल्यावर मात्र त्यांचे मन द्रवले. त्यांनी त्याच्यासाठी ओळीने तीस दिवस ख्रिस्तयाग अर्पण करण्यास सांगितले. तिसावा दिवस पुरा झाला तेव्हा युस्तुसने आपल्या भावाला दर्शन देऊन आपली सुटका झाल्याचे कळवले. आपण ज्यांना ग्रेगरियन मिस्सा म्हणतो त्यांचा हा उगम होय. ज्याला भिंतीबाहेर टाकले होते, त्याच्यासाठी करुणेने चालवलेली ती प्रार्थना होती.

इ. स. ९९४ ते १०४९ या काळात फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख असलेले संत ओडिलो यांनी आपल्या अखत्यारीतील सर्व मठांत सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृत भाविकांचे स्मरण करण्याची प्रथा घातली. घंटानाद, प्रार्थना, ख्रिस्तयाग आणि गरिबांना दान अशी तिची रचना होती. दोन नोव्हेंबरचा दिवस आपल्याला मिळाला तो असा. एखाद्या घराण्याचे किंवा गावाचे नव्हे, तर जगाच्या आरंभापासूनच्या सर्व मृतांचे स्मरण ही ओडिलोंची कल्पना फार मोठी होती. गोव्यात लग्नापूर्वी घराण्यातील मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची जी चाल आहे, तिच्यातही प्रार्थना आणि दान यांची हीच सांगड दिसते.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात अंत्यविधीवर काळा रंग चढला. आलेलुया मागे पडला आणि अंतिम न्यायाच्या भयाने थरकाप उडवणारे 'दिएस इरे' हे गीत पुढे आले. शुद्धिस्थानाविषयीची शिकवण १२७४ मध्ये लियों, १४३९ मध्ये फ्लॉरेन्स व १५६३ मध्ये त्रेंत येथील महासभांनी स्पष्ट केली. त्रेंतच्या महासभेने त्याच वेळी या विषयातील भोळसटपणा आणि पैशाचा लोभ यांवर कडक ताशेरे ओढले. कारणही तसेच होते. मृतांसाठी प्रार्थना हा श्रीमंतांना विकत घेता येणारा माल होऊ पाहत होता.

या काळातही तोबितचे वारस होते. १३४८ च्या महामारीत दफनभूमी अपुऱ्या पडल्या, तेव्हा पोप क्लेमेंट सहावे यांनी आव्हिन्यों येथील ऱ्होन नदीलाच आशीर्वाद दिला, जेणेकरून तिच्यात सोडलेले देह पवित्र भूमीत विसावल्याचे समाधान लोकांना मिळावे. १४९८ साली राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये मिझेरिकोर्दिया हा बंधुसंघ स्थापन झाला. सर्व दयाकृत्ये करणे हे त्याचे ब्रीद. निराधारांना आणि फाशी गेलेल्या कैद्यांनाही मूठमाती देणे हा त्या ब्रीदाचाच भाग होता. त्याच्या शाखा पुढे गोव्यात आणि वसईत निघाल्या. १७३६ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी रात्रीच्या पहिल्या प्रहरी घंटा वाजली असता मृतांसाठी एकशेतिसावे स्तोत्र म्हणणाऱ्यांना इंडलजन्स दिला. आपल्याकडील अनेक जुन्या धर्मग्रामांत रात्री होणारा घंटानाद वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. १७४८ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या अमलाखालील प्रदेशांतील धर्मगुरूंना मृतांच्या दिवशी तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. गोव्याला ती तेव्हापासून मिळाली. पहिल्या महायुद्धातील अगणित मृतांकडे पाहून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ मध्ये ती सर्व जगाला लागू केली.

मात्र भिंत कायम होती. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या केलेले, द्वंद्वयुद्धात मेलेले, आपल्या देहाचे दहन व्हावे अशी आज्ञा करून गेलेले इत्यादींना ख्रिस्ती दफन नाकारले. बाप्तिस्मा न झालेल्यांनाही ते नव्हते. माझ्या आजीचे मूल या नियमाखाली आले.

भिंतीतील वाट

१९६३ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेवरील दस्तऐवजात सांगितले की, अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्कामय स्वरूप अधिक स्पष्ट व्हावे. व्यक्तीच्या किंवा वर्गाच्या दर्जानुसार उपासनेत वेगळा मान देऊ नये, असेही तिने बजावले. पैशाप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाचे अंत्यविधी करण्याची रीत जेथे जेथे होती तेथे तिचा आधारच गेला. त्याच वर्षी, ख्रिस्ती श्रद्धेच्या विरोधापोटी केलेले नसल्यास दहन करण्यासही अनुमती मिळाली. दफनाला आजही ख्रिस्तसभेची पसंती आहे. २०१६ च्या मार्गदर्शनानुसार अस्थी व रक्षा विखरून न टाकता पवित्र स्थळी ठेवावयाची असते.

१९६९ साली नवा अंत्यविधी प्रसिद्ध झाला. शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती आली, पांढऱ्या वस्त्रांना मोकळीक मिळाली, फाबिओलाच्या अंत्ययात्रेतील आलेलुया परतला. पुढच्याच वर्षीच्या मिस्साग्रंथात 'दिएस इरे' मृतांच्या मिस्सेतून गळले. आणि या नव्या विधीत, आईबापांनी बाप्तिस्मा देण्याचे योजिले असता त्याआधीच दगावलेल्या बालकासाठीही प्रार्थना होत्या. १९८३ च्या धर्मसंहितेने बिशपांच्या अनुमतीने अशा बालकाचा दफनविधी मान्य केला. अंत्यविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने सांगितले की, ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये; केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाविषयी आशा बाळगण्यास भक्कम आधार आहेत, असे प्रतिपादन आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये केले. आजीने त्यापूर्वी कित्येक वर्षे भिंतीवर मेणबत्ती लावून "देवाला ठाऊक आहे" असेच म्हटले होते.

आपली कुदळ, आपला दिवा

२०२० च्या महामारीत हा सारा इतिहास आपल्या दाराशी आला. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मरण पावलेल्या सर्वांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलून मोठ्या दफनभूमींत दफनाला वाव दिला. वांद्रे येथील दफनभूमीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मे महिन्यात सांगितले. त्या दिवसांत अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असे. पुष्कळांना आपल्या माणसाचा चेहराही दिसला नाही. त्या वर्षी मृतांसाठी इंडलजन्स मिळवण्याची एक ते आठ नोव्हेंबरची मुदत वाढवून सबंध महिन्याची करण्यात आली, ती याच जाणिवेने.

२६ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे दफन झाले. पोपमहोदयांच्या अंत्यविधीतील तीन शवपेट्यांची जुनी प्रथा त्यांनी आधीच मोडून एकच साधी लाकडी पेटी ठरवली होती. रोममधील सांता मारिया माज्योरे मंदिराच्या पायऱ्यांवर त्यांना अखेरचा निरोप द्यायला हातात पांढरे गुलाब घेऊन चाळीसएक माणसे उभी होती. त्यांत गरीब, बेघर, कैदी, स्थलांतरित होते. कबरीवर केवळ लॅटिनमधील नाव आहे. दफनभूमी गरिबांची आहे, हा तिसऱ्या शतकातील नियम त्या पायऱ्यांवर जिवंत झाला.

आपल्या धर्मग्रामांचे काय? आपल्याकडे अंत्ययात्रेला आजही गाव लोटतो, ही पुण्याईच आहे. परंतु संगमरवराची स्पर्धाही वाढते आहे. जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते, तेथे दगडाचा अभिमान किती दिवस टिकणार? एखाद्या घरात कोणी स्वतःचा जीव घेतला तर नियमांची भिंत कधीच खाली आलेली असूनही कुजबुजीची भिंत उभी राहते. अंत्यविधीला माणसे थोडी येतात आणि सातव्या दिवशी त्या घराची पायरी कोणी चढत नाही. परप्रांतातून कामाला आलेला एखादा ख्रिस्ती मजूर दगावला तर त्याच्या पेटीला खांदा द्यायला चार माणसे मिळतात काय? ओडिलोंनी सर्व मृतांचा दिवस सुरू केला; आपण तो आपापल्या मृतांचा दिवस करून टाकला नाही ना?

तोबित भरल्या ताटावरून उठला तो आप्तासाठी नव्हे. चव्हाट्यावर पडलेला तो माणसाचा देह होता, एवढेच त्याला पुरेसे होते. यंदा दोन नोव्हेंबरला घरच्या कबरींवर दिवे लागले म्हणजे एक मेणबत्ती शिल्लक ठेवू या. जिच्यावर क्रूस उरलेला नाही अशी एखादी कबर प्रत्येक दफनभूमीत असतेच. तेथे ती लावावी, मृतांना अनंत विश्रांती मागणारी आपली छोटी प्रार्थना म्हणावी आणि नाव ठाऊक नसले तर आजीप्रमाणे ते देवावर सोपवावे.